छंद म्हणून वेबसाइट बनवतेस, त्यावर पोट भरेल का?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका मुलीने विचारलं आहे. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत यूट्यूबवर पाहून एचटीएमएल आणि सीएसएस (पान मांडायच्या आणि सजवायच्या भाषा) शिकली, पुढे पानाला हिशेब करायला लावणारी जावास्क्रिप्ट. गावच्या गणेश मंडळाचं पान केलं, एकरी बियाणं किती लागेल ते काढून देणारं एक पान केलं, स्वतःच्या कवितांचं एक केलं. घरी पाच एकर कोरडवाहू. तिचं म्हणणं असं: ताई, ह्यावर पोट भरेल का? पुण्याच्या एका क्लासची फी दीड लाख आहे, बाबा वावर गहाण ठेवायला तयार झालेत, भरू का? इंजिनिअरिंग केलेलं नाही, इंग्रजी कच्चं आहे, मग मला कोण काम देईल? आणि लॅपटॉप जुना आहे, नवा घ्यावा लागेल का?

क्लासचं आधी सांगते, कारण बाबा कागद घेऊन निघायच्या आत हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं. वावर गहाण ठेवून क्लास लावू नकोस. ह्या विषयात जे शिकायचं ते जवळपास सगळं फुकट मिळतं आणि चांगलं मिळतं. मोझिलाचं एमडीएन, म्हणजे वेबच्या भाषांची माहिती देणारी साइट, आम्ही इतकी वर्षं काम करणारी माणसंसुद्धा रोज उघडतो. फ्रीकोडकॅम्प आणि ओडिन प्रोजेक्ट ह्या शिकवणाऱ्या साइट पायरीपायरीने नेतात. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस ५० हा संगणकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम घरी बसून करता येतो, आणि तू बी.एस्सी.ची असल्याने तो तुला जड जाणार नाही. केलेलं पान लोकांना दाखवायला गिटहब पेजेस ह्या सेवेवर पैसे लागत नाहीत. क्लास खरं तर शिस्त आणि सोबत विकतो. रोजचे दोन तास तू स्वतः बांधून घेऊ शकतेस, आणि सोबतीला कॉलेजातली एक मैत्रीण पुरते. कोणी 'शंभर टक्के नोकरी' म्हणत असेल तर ती हमी लेखी माग आणि खालच्या अटी वाच. तसंच 'घरबसल्या काम, आधी नोंदणी फी भरा' असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

आता मोठा प्रश्न. मी कारंजा तालुक्यातली. २०११ साली नागपूरच्या एका छोट्या कंपनीत महिना ८००० रुपयांवर लागले, आणि आज कारंजातूनच स्वतःचं काम करते, घर त्यावर चालतं. तेव्हा पोट भरतं का, तर हो, भरतं. पण तुझी तिन्ही पानं मी उघडून पाहिली. नीट केली आहेस, रंग डोळ्यांना सुखावतात, मोबाइलवर मोडत नाहीत. तिन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. काम कुठे थांबवायचं ते दर वेळी तू ठरवलंस. कंटाळा आला तिथे किंवा जमेना तिथे थांबलीस, आणि त्याने कोणाचं काही अडलं नाही. छंद असाच असतो आणि असावा. व्यवसायात काम कधी पुरं झालं ते समोरचा ठरवतो. पुरं झाल्यावर ते मोडलं तर तो फोनही तुलाच करतो. भाषा कोणती शिकू, रिॲक्टसारखं तयार साधन शिकू की आणखी काही, ह्या सगळ्याच्या आधी हे अंगवळणी पडायला हवं. क्लासमध्ये ते येत नाही, एका खऱ्या गिऱ्हाइकाकडून येतं.

माझं कसं झालं ते सांगते. २०१४ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडच्या एका कृषी केंद्राच्या मालकांनी 'दुकानाची वेबसाइट' करायला सांगितली. मी फार मन लावून पहिलं पान केलं. पिकांचे सरकणारे फोटो, फुलं, वर दुकानाचं नाव. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे छान आहे, पण मले सांगा, याच्यात उधारी कुठी दिसते?"

आपल्याकडचं कृषी केंद्र उधारीवर चालतं हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मृगाच्या तोंडावर बियाणं-खत उचलायचं आणि सोयाबीन निघालं, पहिला कापूस विकला की चुकतं करायचं. त्या माणसाला वेबसाइट नकोच होती. कोणाकडे किती बाकी आहे आणि ती किती जुनी आहे, एवढंच दुकानातल्या संगणकावर दिसायला हवं होतं. मी फोटो काढून टाकले आणि ते केलं. ३५०० रुपये ठरले.

तपासणी मी ५ मे रोजी केली. बिलं टाकली, बाकी पाहिली, सगळं बरोबर. ७ जूनपासून दुकानात गर्दी सुरू झाली. १३ जूनच्या सकाळी मला नागपूरला फोन आला की नोंदच होत नाही, पडदा लाल होतो. मी घाबरले, पण दुपारपर्यंत कारण सापडलं. दुकानातली पोरं तारीख आपल्या सवयीने टाकत होती, आधी दिवस, मग महिना. जावास्क्रिप्टला तशी तिरप्या रेघांची तारीख सरळ वाचायला दिली की तो अमेरिकन पद्धतीने पहिला आकडा महिना धरतो. म्हणजे ०७/०६ ची नोंद ६ जुलैला गेली होती, १०/०६ ची ६ ऑक्टोबरला आणि १२/०६ ची ६ डिसेंबरला. बारा तारखेपर्यंत ती चूक चुपचाप चालली, कारण बारापर्यंत महिने असतात. तेरावा महिना नाही म्हणून तेराव्या दिवशी ती उघडी पडली. आणि माझ्या तपासणीत का दिसली नाही? मी ५ मे रोजी तपासलं होतं. ०५/०५ कसंही वाचा, एकच.

त्या रात्रीच्या एसटीने मी कारंजाला आले. बिलबुकं समोर ठेवून सहा दिवसांच्या नोंदी एकेक ताडून दुरुस्त केल्या. पहाटे चार वाजले. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कामात तारीख वर्ष-महिना-दिवस ह्याच क्रमाने साठवली जाते, दाखवताना मात्र आपल्या पद्धतीने दिसते, आणि तपासणी २५ तारखेने होते. पैसे मी जास्तीचे मागितले नाहीत, कारण चूक माझी होती. पुढच्या हंगामाआधी त्याच मालकांच्या सांगण्यावरून तीन कृषी केंद्रांनी काम दिलं. फोटोंचं पान त्यांतल्या एकालाही दाखवावं लागलं नाही.

ह्याच दुकानाने पुढे मला दरवर्षीच्या देखभालीचे पैसे घ्यायला शिकवलं. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तोही ऐन पेरणीच्या दिवसांत. बियाणं करमुक्त, खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के, आणि शेतकरी तिन्ही एकाच बिलावर नेणार. ज्यांनी कुणाकडून एकदाच सॉफ्टवेअर करून घेतलं होतं ते त्या आठवड्यात अडले. आमची बिलं ३० जूनच्या रात्री बदललेली होती. वर्षाची ठरावीक रक्कम तेव्हापासून कोणी नाकारलेली नाही.

आता तुझ्याकडे येते. तुझं बियाण्याचं पान मला तिन्हींत सगळ्यात मोलाचं वाटलं, आणि ते अर्धं आहे. सोयाबीनला एकरी ३० किलो धरून तू फक्त एकराने गुणतेस. पण ३० किलो हे उगवण ७० टक्के असेल तेव्हाचं. आपल्याकडे किती घरांत घरचंच बियाणं पेरतात बघ. मे महिन्यात तुझी आई किंवा आजी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवत असेल. तो आकडा तुझ्या पानाने विचारायला हवा: शंभरातले किती उगवले? साठ उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे एकरी ३५ किलो. एक रकाना आणि एक ओळ वाढेल, पण पान कामाचं होईल. मग फोन बाबांच्या हातात दे आणि काही न सांगता शेजारी बसून पाहा. त्यांचं बोट कुठे अडतं, कुठला शब्द ते दोनदा वाचतात, उन्हात अक्षर दिसतं का, एकर ऐवजी त्यांना गुंठे टाकायचे आहेत का. पाच जणांना असं वापरताना पाहिलंस की पुढे काय करायचं ते तुला कोणाला विचारावं लागणार नाही.

आणि तुझ्या हातात एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-बंगळुरूच्या पुष्कळ चांगल्या डेव्हलपरांकडे नाही, ती म्हणजे मराठी. वेबवर मराठी नीट चालवणं हे वेगळं कौशल्य आहे. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये सांगितलंस तर चांगल्या फॉन्टात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. 'शेतकरी' हा शब्द आपण चार अक्षरांचा मोजतो, जावास्क्रिप्ट सहा मोजतो, म्हणून अक्षरमर्यादा घालताना शब्द मधेच तुटतो आणि मात्रा गळून पडते. जुन्या कार्यालयांतला कितीतरी मजकूर अजून युनिकोडच्या (सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत आहे, तो वेबवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात आणि कोणीतरी तो बदलून द्यावा लागतो.

एक उदाहरण तर आपल्या भागाच्या नावाचंच आहे. 'वऱ्हाड' दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका दुकानात वऱ्हाडे आडनावाच्या एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती निघाली होती, एक मोबाइलवरून टाकलेलं, एक दुकानातल्या संगणकावरून. बाकी मागायला गेले तेव्हा निम्मीच मागितली गेली. नाव साठवायच्या आधी दुसऱ्या रूपाचं पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ लिहिली की झालं, पण ती लिहायला हवी हे कळायला वऱ्हाडातलंच माणूस लागतं.

पैशांबद्दल आपल्याकडे बोलायला संकोच वाटतो, मुलींना जास्तच. पहिलं काम फुकट करू नकोस, अगदी काकांच्या दुकानाचं असलं तरी. फुकट कामाची कोणी नीट तपासणी करत नाही आणि त्यातून तू शिकत नाहीस. काम घेतलं की व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठव आणि समोरच्याचं 'हो' येऊ दे. मी असं लिहिते: "उधारीची नोंद: गिऱ्हाईक, बिल, जमा, बाकी. मोबाइलवर आणि दुकानातल्या संगणकावर चालेल. २५ मार्चपर्यंत देईन. ९००० रुपये, निम्मे आधी. डोमेन तुमच्या नावावर. एक वर्ष बिघाड झाला तर दुरुस्ती माझ्याकडे, नवीन काही हवं असेल तर वेगळे पैसे." डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्यांच्याच ईमेलवर घे, ह्यात सूट नाही. डोमेन आपल्या नावावर ठेवून नंतर माणसाला अडवून धरणारे मी पाहिले आहेत, तालुक्याच्या ठिकाणी अशी गोष्ट महिन्याभरात सगळ्यांना कळते. कंपनीचं काम केलंस तर ती टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच थोडा कर, कापेल. घाबरू नकोस, पॅन नीट दे आणि विवरणपत्र भर, जास्तीचा कापलेला कर परत मिळतो.

काम मागायलाही हंगाम असतो. जूनमध्ये कृषी केंद्रवाल्याला मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीनंतर वसुली झालेली असते, हातात पैसा असतो आणि कोणाची बाकी राहिली ह्याची आठवण ताजी असते. तेव्हा बोलणं काढ, फेब्रुवारी-मार्चमध्ये काम कर, एप्रिलमध्ये त्यांच्या पोरांना वापरायला शिकव. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचं, खामगावकडे बाजारपेठेचं, शेगावकडे यात्रेकरूंच्या मुक्कामाचं गणित वेगळं, पण प्रत्येक धंद्याला अशी एक सवड असतेच.

नोकरीचंही सांगते. पदवी पूर्ण कर, हे पहिलं. नागपुरात मिहानच्या औद्योगिक भागात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात लहान-मोठ्या कंपन्या आहेत. मोठ्या ठिकाणी पदवी आणि गुण आधी पाहतात. लहान कंपन्यांत तू काय केलंस ते पाहतात, आणि इंजिनिअरिंग नसलेली मुलं तिथूनच शिरतात. माझं मत विचारशील तर पहिली दोन वर्षं नागपूर किंवा अमरावतीत चार माणसांच्या चमूत काम कर. पगार कमी असला तरी. एकट्याने काम करताना तुझा कोड कोणी वाचत नाही, आणि आपला कोड दुसऱ्याने वाचून चुका दाखवणं ह्याच्याइतकं काहीच शिकवत नाही. नंतर गावी परत ये, इंटरनेट आता पोचलं आहे. मुलाखतीत 'मला हे हे येतं' अशी यादी म्हणण्यापेक्षा, एक बिघाड कसा शोधला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग. मी आता माणसं घेते तेव्हा तेवढंच विचारते.

एआयची भीती तू लिहिली नाहीस, पण मनात असेल. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून पाच पानांची साधी वेबसाइट कोणीही तासाभरात उभी करतो, आणि नुसत्या तेवढ्या कामावर पोट भरण्याचे दिवस सरत चालले आहेत. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मीही ती साधनं रोज वापरते. पण दुकानातली पोरं तारीख कशी टाकतात हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि वऱ्हाडेंची खाती दोन झाली ह्याची त्याला खबर नसते. शिकण्याच्या काळात एक नियम पाळ: त्याने लिहिलेली जी ओळ तू मैत्रिणीला मराठीत समजावून सांगू शकत नाहीस ती आपल्या कामात ठेवायची नाही.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. बोलायचं नंतर येतं, आधी वाचायचं आणि लिहायचं लागतं. एमडीएनचं रोज एक पान वाच, अडलेले शब्द वहीत मराठीत लिही. सहा महिन्यांत तेच तेच शब्द पुन्हा येतात हे तुझ्या लक्षात येईल. ईमेल छोट्या वाक्यांत लिही: काय झालं, काय केलं, काय हवं.

लॅपटॉप नवा घेऊ नकोस. जुन्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) टाक, रॅम ८ जीबी कर, आणि बॅटरी दमली असेल तर बदल. ह्या कामाला तेवढं पुरतं. तुझं काम वापरणारी माणसं साध्या फोनवर एका काडीच्या रेंजमध्ये ते उघडणार आहेत, म्हणून तपासणी आईच्या फोनवर कर. मोबाइलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच पानावर टाकू नकोस, लहान करून घे. लाइट सारखी जाते म्हणशील तर गिट, म्हणजे कामाच्या टप्प्यांची नोंद ठेवणारं साधन, आजपासून शिक. ते नेटशिवाय चालतं. थोडं काम झालं की नोंद कर, लाइट गेली तरी नोंदवलेलं तुझ्याच लॅपटॉपवर राहतं, आणि संध्याकाळी गच्चीवर रेंज मिळाली की दिवसभराचं एकदम गिटहबवर चढव.